बारीक दाण्याचं पोलाद

१

आकडा तुटला सकाळी नऊच्या सुमारास, आणि दुपारच्या चहापर्यंत अकोल्याच्या एमआयडीसीनं गुन्हेगार ठरवूनही टाकला. एवढी तत्परता आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या कामात दिसत नाही.

झालं ते असं. वामनराव ठाकरे यांच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधायच्या दोन प्रेस आहेत. रुई दाबताना प्रेसचे लोखंडी दरवाजे बाहेर फेकले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक प्रेसला दोन जाड आकडे असतात. डिसेंबरातली कडक थंडी, दिवसाची पहिलीच गाठ, आणि दोन नंबरच्या प्रेसचा डावा आकडा मानेत तुटला. दरवाजा सुटला. समोर उभा असलेला प्रेसमन शुभम जागच्या जागी गेला. सव्वीस वर्षांचा होता, मागच्याच उन्हाळ्यात त्याचं लग्न ठरवायची बोलणी सुरू झाली होती.

आकडे ऑगस्टमध्ये बडनेऱ्याच्या नितेश भुयार या फॅब्रिकेटरनं बनवून दिले होते. मग काय, नितेशनंच हलकं लोखंड घातलं, हे ठरायला कितीसा वेळ लागतो?

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, तुटलेल्या आकड्याचे दोन्ही तुकडे अमरावतीत राजापेठेतल्या एका लहानशा तपासणी प्रयोगशाळेच्या टेबलावर आले. प्रयोगशाळा जयवंता काळमेघ यांची. जयवंताबाई इंजिनिअरिंग कॉलेजात तेहतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होत्या. प्राध्यापक आले, डॉक्टरेट मिळवून पुण्या-मुंबईला गेले. त्यांचे नमुने घासून चकाकवून दिले ते जयवंताबाईंनी. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःचा मायक्रोस्कोप घेतला आणि तेच काम स्वतःच्या नावानं सुरू केलं. लोखंड कुठं खोटं बोलतं हे त्यांना माणसांपेक्षा बरं कळायचं, आणि माणसांविषयी त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं.

आकडा घेऊन फौजदार आरती इंगोले आल्या होत्या. त्यांच्याबरोबर एक साठीचा, काटक, दाढी वाढलेला माणूस होता. पंजाबराव, जिनिंगचा जुना मिस्त्री. मेलेल्या शुभमचा बाप.

"मले भरपाई नको, काई नको," पंजाबराव म्हणाले. "त्या नितेशनं माह्या पोट्ट्याले मारलं, एवढं कागदावर लिहून द्या बाई."

"कागदावर लोखंड सांगन ते येईन," जयवंताबाई म्हणाल्या. "माह्या मनचं काई येत नाही."

"तेच पाह्यजे. लोखंड खोटं बोलत नाही."

आरती म्हणाल्या, "सोमवारी सकाळी रिपोर्ट द्या. सोमवारी आम्ही त्याले अटक करून राहिलो. तोवर तो बडनेऱ्यातच आहे, पळून नाही गेला."

दोघं गेल्यावर जयवंताबाईंनी भिंग काढलं. आकडा म्हणजे पोलादी प्लेटीतून कापलेला, तळहाताएवढा रुंद तुकडा. एका टोकाला वाकडी चोच, दुसऱ्या टोकाला खिळीचं भोक, आणि भोकाभोवती मजबुतीसाठी वेल्ड केलेली चकती. वेल्डला कुठं केसाएवढीही चीर नव्हती. तुटला होता तो भोकापासून वीतभर दूर, जिथं नितेशनं वेल्डिंगची कांडी टेकवलीही नव्हती.

आणि तुटलेली कडा चकचकीत होती, खडीसाखर फोडल्यासारखी. चांगलं पोलाद आधी ताणलं जातं, मळकट होतं, मग तुटतं. हे मात्र काचेसारखं एका झटक्यात गेलं होतं.

२

बडनेऱ्यात नितेशच्या वर्कशॉपचं शटर खाली होतं आणि त्यावर कोणीतरी कोळशानं 'खुनी' लिहून ठेवलं होतं. कोणी लिहिलं, ते विचारण्यात अर्थ नव्हता; गावाला हात खूप असतात.

नितेश मागच्या खोलीत बसलेला होता. पस्तिशीचा, रेल्वेच्या कॉन्ट्रॅक्टरकडं वेल्डर म्हणून लागून पुढे स्वतःचं दुकान टाकलेला माणूस. चार दिवसांत तीन गिऱ्हाइकांनी काम परत नेलं होतं. पोरीला शाळेत कोणी बोललं म्हणून ती घरीच होती, आणि बायको दार उघडायच्या आधी खिडकीतून पाहत होती.

"बाई, तुमी का मले पकडाले आल्या?" त्यानं विचारलं.

"मी पकडत नाही. पाहातो फक्त. आकडे कसे बनवले ते सांग, एकेक करून."

त्यानं सांगितलं. "प्लेट खुशालरावकडून आणली, अकोल्याहून, जठारपेठेतून. वामनरावानंच सांगितलं होतं, नवी भारी प्लेट पाह्यजे, निओबियमवाली. गॅसनं कापली. ड्रिलनं भोक पाडलं. चकती वेल्ड केली. मंग रेड ऑक्साइडच्या ड्रमात बुडवून वाळवले. तसेच देल्ले."

"भट्टीत घातले होते?"

"भट्टीच नाही माह्याकडं. आन् घातलं असतं तरी कावून घालू? त्या प्लेटीले तापवू नोका म्हणून खुशालरावानं दोनदा बजावलं होतं."

"किती आकडे?"

"पाच. दोन एका प्रेसचे, दोन दुसरीचे, एक जास्तीचा. सारे एकाच प्लेटीतले."

"प्लेटीचा उरलेला तुकडा?"

नितेश उठला. शटरच्या आतून तो पाटाएवढा एक तुकडा घेऊन आला. कोपऱ्यावर कारखान्याचा ठोकलेला नंबर स्पष्ट होता. जयवंताबाईंनी तो पिशवीत घातला. त्या निघताना नितेश एवढंच म्हणाला, "जेलात जाईन बाई, त्याचं नाही. पण माह्या हातानं माणूस मेला असन तर मले तेही कळलं पाह्यजे." ते वाक्य त्यांना उगाच वाटलं नाही. खोटा माणूस सहसा आधी जेलाचं रडतो.

तरीही बडनेऱ्याहून परतताना त्यांनी मनाशी पक्कं केलं की दया ही वेगळी गोष्ट आणि पुरावा वेगळा. दयेनं आजवर कोणाचा रिपोर्ट बदललेला नव्हता.

३

शनिवारचा सगळा दिवस घासण्यात गेला. आकड्याच्या मानेचा एक तुकडा, भोकाच्या कडेचा एक, वेल्डजवळचा एक, आणि उरलेल्या प्लेटीचा एक. जाड एमरी कागदावरून बारीक कागदावर, तिथून ओल्या कापडाच्या फिरत्या चकतीवर, आरशासारखा होईपर्यंत. मग स्पिरिटमध्ये मिसळलेल्या नायट्रिक आम्लाचा एक थेंब, की आतलं सगळं वर येतं.

दुपारी कॉलेजच्या जुन्या ओळखीतून रसायनाचा रिपोर्ट फोनवर आला. आकडा आणि उरलेला तुकडा, दोन्हींचा मसाला तंतोतंत एक. कार्बन कमी, मँगनीज जसं हवं तसं, आणि निओबियम हा धातू शंभर किलोत चाळीस ग्रॅम. म्हणजे प्लेट अस्सल. नितेशनं हलकं लोखंड घातलं, ही एमआयडीसीची गोष्ट तिथंच संपली.

पण आकडा तर तुटला होता.

जयवंताबाईंनी आधी उरलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला. बघा, पोलाद म्हणजे एकसंध दगड नव्हे. ते दाण्यांचं बनलेलं असतं, आणि दाणा जितका बारीक तितकं ते मजबूतही आणि चिवटही. कारखान्यात लालभडक जाड पाटी रुळांखालून पुन्हा पुन्हा जाते. हॉट रोलिंग म्हणजे शेवटी लाटणंच. प्रत्येक लाटण्यात दाणे चिरडतात आणि नवे, लहान दाणे तयार होतात. उष्णतेत ते लगेच पुन्हा वाढू बघतात. तिथं ते चिमूटभर निओबियम त्यांच्या कडा अडवून बसतं. मग कारखाना ठरावीक उष्णतेवर लाटणं थांबवतो आणि ठरावीक वेगानं थंड करतो. एवढं सगळं केल्यावर हा चिवटपणा मिळतो. मसाला एकटा काही करत नाही.

काचेखाली पांढरे दाणे दिसले, रव्याहून बारीक, आणि मधून लाटण्याच्या दिशेनं गेलेल्या काळ्या रेघा. देखणी प्लेट होती.

मग त्यांनी आकड्याचा तुकडा ठेवला, डोळा लावला आणि लगेच उचलून खात्री केली की चुकीचा नमुना तर ठेवला नाही ना. तेच भिंग. तीच प्लेट. आणि दाणे आठ-दहा पट मोठे, ओबडधोबड.

हे पोलाद कोणीतरी पुन्हा तापवलं होतं. नुसतं लाल नाही. पिवळं होईपर्यंत, बराच वेळ. आणि मग अगदी हळू थंड केलं होतं. निओबियम तिथंच होतं, पण विरघळून, गोळा होऊन निकामी झालेलं. लाटून कमावलेलं सगळं गेलं होतं, आणि असल्या मोठ्या दाण्याचं पोलाद थंडीत काचेसारखं तडकतं.

तापवलं कधी? तेही लोखंडानंच सांगितलं. उघड्या आगीत पोलादाच्या कातडीतला कार्बन जळतो. आकड्याच्या बाहेरच्या बाजूला तशी फिकी कातडी होती. आणि भोकाच्या आतल्या भिंतीलाही होती. भोक पडल्यावरच ती जळू शकते. वेल्डच्या शेजारी वेल्डिंगच्या उष्णतेची जी खूण राहतेच राहते, तीही पुसली गेली होती. म्हणजे आग लागली ती आकडा पूर्ण बनल्यावर.

राहता राहिला एकच प्रश्न. ती आग नितेशच्या दुकानात लागली, की आकडा त्याच्या हातून गेल्यावर? त्यांनी आकड्यावरचा हिरवा रंग, जिनिंगनं वरून दिलेला, ब्लेडनं खरवडला. खाली लाल रेड ऑक्साइड असायला हवा होता. निघाली ती काळी, पापुद्र्याची जळकी साल.

एकतर नितेशनं त्यांच्या तोंडावर सफाईनं खोटं सांगितलं होतं, नाहीतर त्याचा लाल रंग कुठल्या तरी आगीत जळाला होता. बाकीचे चार आकडे अकोल्यात होते.

४

रविवारी सकाळी जयवंताबाई बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला उतरल्या आणि ऑटोनं थेट जिनिंगवर गेल्या. हंगामात जिनिंगला रविवार नसतो. वामनरावांकडून त्या येणार हे कळल्यानं खुशालराव फाटकापाशीच थांबले होते. प्लेटीचे व्यापारी, पोट सुटलेलं, काखेत फाइल.

"मॅडम, मी सारं खरं सांगतो," ते कोणी न विचारताच म्हणाले. "त्या प्लेटीचं टेस्ट सर्टिफिकेट मी नितेशले दुसऱ्याच लॉटचं झेरॉक्स देल्लं. ओरिजिनल घरी कुठं पडलं, सापडून नाही राहिलं."

खाई त्याला खवखवे, असं जयवंताबाईंच्या मनात आलं. पण रसायनाचा रिपोर्ट त्यांना ठाऊक होता. "तुमची प्लेट चांगली आहे. सर्टिफिकेट शोधा आणि घरी जा," त्या म्हणाल्या. खुशालराव इतके खूश झाले की ऑटोचे पैसे द्यायला निघाले. जयवंताबाईंनी ते घेतले नाहीत.

वामनराव ऑफिसात होते. मालक माणूस, बोलणं गोड, डोळे जमिनीवर.

"प्रेसचा दाब वाढवला होता?" जयवंताबाईंनी सरळ विचारलं.

वामनरावांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "थोडासा. गाठ घट्ट पाह्यजे म्हणते व्यापारी. पण दोन्ही प्रेसचा वाढवला. एक नंबर तर दिवसभर चालते, तिले काहीच नाही झालं."

हे खरं होतं, आणि तिथंच गाठ बसली होती. एक प्लेट, एक कारागीर, एक दाब, आणि तुटला तो एकाच प्रेसचा आकडा. "मले चारही आकडे दाखवा."

स्टोअरमध्ये जास्तीच्या आकड्याची जागा रिकामी होती. तो तुटलेल्याच्या जागी दोन नंबरला बसवला होता. पंचनामा झाला तशी प्रेस कालपासून पुन्हा सुरू होती. जयवंताबाई आधी एक नंबरवर गेल्या आणि प्रेस रिकामी असताना ब्लेडनं दोन्ही आकडे खरवडले. हिरवा, त्याखाली लाल. हिरवा, त्याखाली लाल. नितेश खोटं बोललेला नव्हता.

दोन नंबरवर नवा प्रेसमन गाठ बांधून दरवाजा उघडत होता. डावा आकडा, कालच बसवलेला, नुसता लाल. हिरवा द्यायला वेळ झाला नव्हता. उजवा हिरवा. त्यांनी खरवडला. लाल निघेना. त्यांनी आणखी खरवडला, खोल, दोन ठिकाणी.

काळी साल.

"प्रेस बंद करा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण प्रेसमननं ताबडतोब हात काढला. "हा आकडाही त्याच आगीतला आहे. याच्यासमोर कोणी उभं राहू नका."

वामनरावांचा चेहरा उतरला. "म्हणजे घातपात? कोणी मुद्दाम?"

"आग कुठं लागली असेल ते दाखवा आधी."

५

जिनिंगच्या मागं, सरकीच्या शेडपलीकडं, एक जुनी विटांची भट्टी होती. शेजारी हातानं फिरवायचा ब्लोअर, कोळशाचा ढीग, वाळलेल्या पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या काड्यांचे भारे, आणि बाजूला गुडघाभर खोल राखेचा खड्डा. जयवंताबाईंनी काठीनं राख हलवली. तळाशी पोलादावरून झडलेल्या काळ्या पापुद्र्यांचे तुकडे होते.

"हे काय चालते इथं?"

"आता काही नाही," वामनराव म्हणाले. "जुनी पद्धत होती. हंगामाच्या आधी प्रेसच्या साखळ्या अन् आकडे आगीत लाल करायचे आणि रात्रभर राखेत निजवायचे. वर्षभराचा थकवा निघते म्हणत. माह्या वडलांच्या वेळेपासून. नवे आकडे आले तेव्हा मी सांगून टाकलं, हे आता बंद."

"कोणाले सांगितलं?"

वामनरावांनी नाव घेतलं, आणि घेता घेता त्यांच्याही लक्षात आलं.

परतीच्या गाडीत जयवंताबाईंना अजिबात बरं वाटत नव्हतं. जुन्या लोखंडासाठी ती पद्धत खोटी नव्हती. शंभर वर्षांपूर्वीच्या साखळ्या हादरे खाऊन खाऊन कडक व्हायच्या, त्यांना आच दाखवून निजवलं की त्या मऊ पडायच्या. इंग्रजांच्या कारखान्यांतही असं करत. त्या लोखंडाचा जोर जाडीत होता, गमावण्यासारखं त्याच्यात काही नव्हतं. नव्या पोलादाचा सगळा जोर लाटण्यात, आणि तोच आग खाऊन टाकते. हे त्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं. 'बंद' एवढंच सांगितलं होतं.

रिपोर्टात त्या एवढंच लिहू शकत होत्या: 'बनवल्यानंतर तापवलेला'. तेवढ्यानं नितेश सुटला असता. पण कोणी तापवला हे आरती विचारणारच होत्या, आणि नाव दुसऱ्याच्या तोंडून त्या बापाच्या कानावर गेलं असतं. त्यांना ते पटेना. त्यांनी पंजाबरावांना फोन केला आणि सोमवारी सकाळी आठ वाजता, आरतींच्या आधी तासभर, बोलावलं.

६

पंजाबराव वेळेच्या आधी आले. "लिहिलं का बाई?"

"आधी पाहून घ्या. तुमी मिस्त्री आहात, तुमाले कळन."

जयवंताबाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं. पहिला नमुना, उरलेल्या प्लेटीचा. पंजाबरावांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. "बारीक आहे," ते म्हणाले. "चांगलं आहे." दुसरा नमुना, आकड्याचा.

"हे दुसरं लोखंड होये."

"तेच आहे. मसाला तोच, प्लेट तीच. याले आग लागली, म्हणून दाणा मोठा झाला. जुन्या लोखंडाले चालत होतं, याले चालत नाही. थंडीत तडकते ते."

पंजाबरावांनी डोळा न काढता हळू विचारलं, "किती आग?"

"पिवळी होईपर्यंत. बराच वेळ. मंग राखेत."

बाहेर रस्त्यावर भाजीवाली ओरडत गेली. पंजाबरावांनी मायक्रोस्कोपवरून मान उचलली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. जयवंताबाईंनी उभ्या आयुष्यात असा रिकामा चेहरा पाहिला नव्हता, आणि आपण याला बोलावलं याचा त्यांना त्या क्षणी मनापासून पश्चात्ताप झाला.

"सप्टेंबरात," ते म्हणाले. "रविवार होता. मालक नव्हते. मीच ब्लोअर फिरवला."

नऊ वाजता आरती आल्या. पंजाबरावांनी त्यांनाही तेच सांगितलं, उभ्यानं, हात बांधून. आरतींनी कागद काढला आणि लिहायला लागल्या. मध्येच त्या थांबल्या.

"एक समजत नाही. मालकानं नाही म्हटलं होतं. तरी तुमी केलं. आणि केलं तर दोन नंबरचेच आकडे कावून? एक नंबरचे तसेच ठेवले. कोर्टात हेच विचारतील. एकाच प्रेसचे कावून?"

पंजाबरावांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू त्या प्रश्नाचं उत्तर सगळ्या जगाला माहीत असायला पाहिजे होतं.

"दोन नंबरवर माहा पोट्टा होता," ते म्हणाले. "एक नंबरवर बाकीचे होते. मालक रागावले असते तर चारातले दोनच केले असं सांगता आलं असतं. पोराची प्रेस तरी मजबूत करावी म्हटलं. कोळसाही त्याच्यासाठीच दोनदा घातला."

आरतींनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळानं पुन्हा उचललं आणि ते होतं तसंच लिहून घेतलं.

नितेशला जयवंताबाईंनी बोलावून ठेवलं होतं. रिपोर्ट त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा म्हणून. तो बाहेर ओट्यावर बसलेला होता. पंजाबराव बाहेर आले तसा तो घाबरून उठला. आठवडाभर याच माणसानं त्याला चौकाचौकात खुनी म्हटलं होतं.

"तुहं काम चांगलं होतं," पंजाबराव म्हणाले. शेजारच्या दुकानातली माणसं ऐकत होती, आणि त्यांना ऐकू जावं अशाच आवाजात ते म्हणाले. "तुह्या कामात काईच खोट नव्हती. म्याच खराब केलं."

सुटल्याचा आनंद नितेशच्या चेहऱ्यावर यायला लागला होता, तो तिथंच अडला.

आरती म्हणाल्या, "पंजाबराव, आज संध्याकाळपर्यंत ठाण्यात या. आत्ता घरी जा."

"घरीच जातो. मनकर्णाले सांगा लागते," ते म्हणाले. मनकर्णा म्हणजे शुभमची आई. दोन पायऱ्या उतरून ते थांबले, आणि नितेशकडं वळून न पाहता म्हणाले, "ती तुह्या नावानं बोटं मोडून राहिली आठ दिवस. तू संग आला तर तिले पटन. माह्या एकट्याच्यानं नाही होत, बापा."

नितेशनं खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली आणि म्हणाला, "चाला काका. अकोल्याले पोहोचाले दोन तास लागते."